शेकडा तीननं काढलेलं कर्ज आणि बिनव्याजी उधारी: तासगाव तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्राचं प्रकरण

ऑगस्ट २०२३ मध्ये एका दुपारी आप्पा माझ्या ऑफिसात आले. तासगाव तालुक्यातल्या एका गावात त्यांचं बावीस वर्षांचं कृषी सेवा केंद्र आहे आणि त्यांचं जीएसटी, आयकराचं काम माझ्याकडे असतं. कापडी पिशवीतून त्यांनी तीन लाल वह्या काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, "साहेब, अजून एक पर्सनल लोन बसतंय का बघा. पाच लाखाचं. सगळ्यांचं एकदा मिटवून टाकतो."

मी विचारलं, "आप्पा, बाहेर येणं किती आहे?"

"असंल पंधरा-वीस लाख."

संध्याकाळपर्यंत बसून आम्ही तिन्ही वह्यांची बेरीज केली. २१४ खात्यांवर ३१,४०,००० रुपये येणं निघालं. आप्पांनी तो आकडा दोनदा वाचला आणि पाणी मागितलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण द्राक्षपट्ट्यातल्या कितीतरी दुकानांची हीच स्थिती मी बघतो. देणं आणि येणं ही दोन वेगळी दुखणी समजून त्यांवर वेगवेगळे इलाज चालू असतात. देण्यासाठी बँकेचे उंबरठे झिजवायचे आणि येण्यासाठी दिवाळीची वाट बघायची. आप्पांच्या बाबतीत आम्ही पहिलं काम केलं ते दोन्ही याद्या एका कागदावर आणण्याचं.

देण्याची बाजू अशी होती. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीचं फिरतं कर्ज, १५ लाख, साडेदहा टक्क्यांनी, आणि मर्यादा कायम भरलेली. काकूंचे दागिने ठेवून काढलेलं सोनेतारण ४ लाख, ११ टक्के. मुलीच्या लग्नाचं पर्सनल लोन ३,६०,००० शिल्लक, १४ टक्के, ३६ हप्ते बाकी, हप्ता १२,३०४. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून १,१०,०००, महिन्याला साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. खत-औषधांच्या वितरकाचे ९ लाख थकलेले, मुदतीनंतर महिना दीड टक्का. आणि सगळ्यात शेवटी, जे आप्पांनी मी दोनदा विचारल्यावर सांगितलं, ते गावातल्या एकाकडून महिना शेकडा तीन रुपयांनी घेतलेले अडीच लाख. सगळं मिळून ३५,२०,०००. यावर नुसतं व्याज महिन्याला ४६,५३५ रुपये जात होतं.

घरची देणी, म्हणजे लग्नाचं कर्ज आणि कार्डं, बाजूला काढली तरी धंद्याच्या कर्जाचं व्याज महिना ३७,७९२ राहतं. त्याला ३१,४०,००० नं भागलं तर शंभराच्या उधारीमागे महिन्याला एक रुपया वीस पैसे पडतात. ते आप्पा स्वतःच्या खिशातून भरत होते आणि गिऱ्हाइकाकडून एक पैसाही व्याज घेत नव्हते. त्यांच्या दुकानाचा सरासरी नफा ७ टक्के. म्हणजे सहाव्या महिन्यात विक्रीवरचा नफा संपतो आणि तिथून पुढे तो माल तोट्यात गेलेला असतो. आता द्राक्षाचं चक्र बघा. ऑक्टोबर छाटणीला औषधं उचलली जातात, चार महिन्यांनी माल तयार होतो, बेदाणा करायचा तर शेडवर वाळवून कोल्ड स्टोरेजला जातो, आणि दर मनासारखा आला की मग सौद्याला निघतो. सहा महिन्यांच्या आत पैसे येण्याचा प्रश्नच नाही. दुकान चाललंय असं आप्पांना वाटत होतं, ते रोजच्या गर्दीवरून.

त्यात कर. कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी. १,१८,००० चं औषध उधार दिलं की त्यातले १८,००० गिऱ्हाइकानं पैसे देवोत न देवोत, पुढच्या महिन्याच्या विवरणपत्राबरोबर हिशेबात धरावे लागतात. उधारी बुडाली म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही. हे मी आप्पांना पूर्वी कधीच नीट सांगितलं नव्हतं, आणि ती माझी चूक होती.

पर्सनल लोनला मी नकार दिला. आप्पांना ते आवडलं नाही.

कुणाचं आधी

पैसे येतील तसे कुणाला आधी द्यायचे, यावर आमचा पहिला वाद झाला. आप्पांना पर्सनल लोन आधी मिटवायचं होतं. हप्ता दोनदा चुकला होता आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले होते, तेही रात्री साडेनऊला, काकूंच्या मोबाईलवर. गावातला सावकार मात्र कधी फोन करत नव्हता. दर महिन्याच्या पाच तारखेला तो दुकानात येऊन चहा प्यायचा, ७,५०० रुपये घेऊन जायचा. असे २६ महिने झाले होते. १,९५,००० रुपये व्याज गेलं होतं आणि मुद्दल अडीच लाखच्या अडीच लाख. ज्याचा आवाज मोठा त्याला आपण आधी पैसे देतो, आणि जो गोड बोलतो तो आपल्याला पोखरत असतो.

फोनचा बंदोबस्त सोपा होता. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, कर्जदाराच्या घरच्यांना त्रास देता येत नाही. बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तारीख-वेळेसह पत्र दिलं, फोन थांबले. थकलेले दोन हप्ते दुकानाच्या गल्ल्यातून भरले, कारण ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि मग कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाला अडचण येते. त्यापुढे त्या कर्जात हप्त्याव्यतिरिक्त एक रुपयाही जास्त भरायचा नाही, असं ठरलं. ते सोडून बाकीच्यांचा क्रम लावला तो व्याजदरानं. आधी कार्डं, मग सावकार, मग वितरक, मग सोनेतारण.

सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालासुद्धा बिगरशेतकऱ्याच्या विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. हा घेत होता ३६. सहकार खात्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते, हे मी आप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "गावात ऱ्हायचंय साहेब. मुद्दल देऊन मोकळं व्हायचं." निर्णय त्यांचा होता. मी एवढंच धरून बसलो की पैसे बँकेतून जातील, रोखीनं नाही, आणि सही केलेला स्टॅम्प पेपर व दोन कोरे चेक आधी हातात येतील. मुद्दल फेडल्यावरही कोरा चेक समोरच्याकडे राहिलेली दोन घरं मी बघितली आहेत.

वह्या उलगडल्यावर

उधारीची खाती आम्ही रकमेप्रमाणे न लावता वयाप्रमाणे लावली. सहा महिन्यांच्या आतली ९६ खाती, ११,२०,०००. सहा ते अठरा महिन्यांची ६१ खाती, ९,८०,०००. अठरा ते छत्तीस महिन्यांची ३८ खाती, ६,६०,०००. तीन वर्षांच्या पुढची १९ खाती, ३,८०,०००.

वय का महत्त्वाचं? एक तर बँक कॅश क्रेडिटसाठी येणी धरते तेव्हा साधारणपणे ९० दिवसांच्या पुढची धरत नाही, म्हणजे जुनी उधारी कागदावर असून नसल्यासारखी. दुसरं कारण मुदतीचं. मुदत कायदा, १९६३ प्रमाणे उधार विकलेल्या मालाचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर माल दिला त्या दिवसापासून, ठरलेली असेल तर ती तारीख उलटल्यापासून. बिलागणिक वेगळी मुदत धावत असते. आप्पांची समजूत होती की खातं चालू आहे तोवर सगळं जिवंत. तसं नाही. पण याच कायद्याच्या कलम १८ मध्ये एक वाट आहे. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं लेखी बाकी मान्य करून सही केली, तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. थोडे पैसे भरले तरी मिळतात, मात्र ते भरल्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनं असायला हवी.

वहीच्या बाबतीतही आप्पांना धक्काच बसला. नियमित लिहिलेली खतावणी कोर्टात पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या तिच्या जोरावर कुणाच्या अंगावर देणं लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ते तसंच आहे. सही घेतलेलं बिल हवं. आप्पांकडे बिलं होती, खतं-औषधं विकायची तर ती फाडावीच लागतात, पण गिऱ्हाइकाच्या सहीची जागा निम्म्याहून जास्त बिलांवर रिकामी होती.

म्हणून आम्ही एक चिठ्ठी छापून घेतली, पावतीपुस्तकासारखी, दोन प्रतींची. मजकूर एका ओळीचा: "आज अखेर माझ्या खात्यावर रुपये ______ देणे बाकी आहे, ते मला मान्य आहे." खाली तारीख, सही, आणि कधी किती देणार यासाठी दोन रिकाम्या ओळी. सगळ्यात आधी जायचं ते १८ ते ३६ महिन्यांच्या ३८ घरांत. पैसे मिळाले तर उत्तम, नाही तर सही तरी.

बारा हजारांची नोंद

पहिल्या चार घरांना मीही आप्पांबरोबर गेलो. तिसरं घर तालुक्याच्या पूर्व भागातलं. एक वयस्कर शेतकरी, दीड एकर सोनाका द्राक्षं, खात्यावर ३८,०००. दोन वर्षं ते दुकानाची पायरी चढले नव्हते. आप्पांच्या मनात त्यांचं नाव 'बुडवे' म्हणून पक्कं झालेलं.

आम्ही ओसरीवर बसलो. आप्पांनी आकडा सांगताच म्हातारबा काही न बोलता आत गेले आणि २०२१ ची भिंतीवरची दिनदर्शिका घेऊन आले. मार्चचं पान उलटं करून त्यांनी आप्पांच्या मांडीवर ठेवलं. मागे निळ्या बॉलपेनानं लिहिलं होतं: 'दुकान १२००० रोख दिले. पोरगं होतं.' शेजारी दुधाचा हिशेब, एका गाईची तारीख आणि बोअरच्या मोटरीचा खर्च. कुणाला दाखवायला लिहिलेलं ते पानच नव्हतं.

"मी दोनदा फोनवर सांगितलं," ते म्हणाले, "तुमी म्हटलासा, वहीत न्हाई."

आप्पांचा मुलगा तेव्हा नुकताच गल्ल्यावर बसायला लागला होता. पैसे गल्ल्यात गेले, वहीत गेले नाहीत. आप्पांनी तिथल्या तिथे २६,००० ची चिठ्ठी लिहिली आणि हात जोडले. म्हातारबांनी त्याच दिवशी १०,००० दिले आणि राहिलेले सौद्यानंतर देतो म्हणाले. दिलेही.

परत येताना आप्पा गाडीत गप्प होते. त्या रात्री आम्ही दारोदार जाणं थांबवलं. आधी २१४ च्या २१४ खात्यांचे उतारे बिलं, पावत्या आणि यूपीआयच्या नोंदींशी ताडून बघितले. २७ खात्यांत चुका सापडल्या, बऱ्याचशा दुकानाच्याच. मला वसुलीतलं सगळ्यात मोलाचं काम कुठलं वाटत असेल तर हे. दोन हजार असोत की बारा हजार, गिऱ्हाईक तेवढ्यासाठी उरलेले पंचवीस हजार धरून बसतं, आणि त्याच्या जागी तेच न्यायाचं असतं.

दुसरी गोष्ट मला त्या महिन्यात उमगली. सहा ते अठरा महिन्यांच्या ६१ खात्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना कुणी स्पष्ट मागितलंच नव्हतं. "मागायचं कसं? पावणं हाईत," हे आप्पांचं नेहमीचं उत्तर. उतारा हातात देऊन, घरात बसून, मजुरांसमोर नव्हे आणि लग्नाच्या मांडवात तर नव्हेच, असं विचारल्यावर लोक चिडले नाहीत. कित्येक जण म्हणाले की आकडाच माहीत नव्हता.

वेळही आम्ही पिकाची धरली. दिवाळीच्या आसपास सांगली-तासगावचे बेदाणा सौदे बंद ठेवून अडते आणि व्यापारी आपसातली देणी शून्यावर आणतात. त्यामुळे त्या दिवसांत शेतकऱ्याचे अडकलेले पैसे मोकळे होतात. पण तेव्हाच छाटणी झालेल्या बागेला औषधांचा खर्चही तोंड वासून उभा असतो. आप्पांनी नियम केला, की जुन्या बाकीतले निम्मे जमा झाले तरच नवीन माल उधार, आणि रोखीला दर वेगळा, उधारीला वेगळा, दोन्ही बोर्डावर लिहिलेले. दिवाळीपर्यंत ३,६०,००० आले. त्यातून १,१०,००० कार्डांना आणि अडीच लाख सावकाराला गेले. महिन्याचं १२,०४३ रुपये व्याज थांबलं. कार्डं काकूंनी स्वतः कात्रीनं कापली.

चुकलं ते

नोव्हेंबरमध्ये मुलानं आम्हाला न विचारता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकली. नावं, रकमा, सगळं. तासाभरात काढायला लावली, पण तोवर गावभर झाली होती. त्यात एक असा होता ज्यानं आदल्याच आठवड्यात सही देऊन हप्ता बांधून घेतला होता. त्यानं दुसऱ्या दिवशी सगळे पैसे आणून काउंटरवर ठेवले आणि पुन्हा कधी दुकानात आला नाही. आप्पा आणि मुलगा यादीतल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन माफी मागून आले. अब्रूनुकसानीचा दावा कुणी लावला नाही, हे त्या लोकांचं मोठेपण.

जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजारपेठेत '४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात' असा कायदा आल्याची चर्चा होती. आप्पा आनंदानं आले. मला त्यांचा आनंद घालवावा लागला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना उशिरा पैसे देण्याविरुद्धचं संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उलट आयकरातला नवा नियम आप्पांनाच लागू होत होता. सेंद्रिय खत बनवणाऱ्या एका छोट्या कारखानदाराचे ६५,००० त्यांच्याकडे थकले होते. मुदतीबाहेर गेलेली ती रक्कम ३१ मार्चच्या आत दिली नाही, तर त्या वर्षी खर्च म्हणून धरता येणार नव्हती. ती मार्चमध्ये दिली. तो कारखानदारही कुणाच्या तरी हप्त्याला तोंड देत असणार.

कोर्टाची पायरी फक्त एका खात्यासाठी चढलो. १,८५,००० बाकी, आठ एकर बाग, नवीन बंगला. पैसे असून न देणारा हा एकच माणूस २१४ मध्ये मला दिसला. त्यानं दिलेला चेक परत आला. चेक न वटल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस पोचल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. तारीख चुकली की बाजू लंगडी होते, म्हणून आप्पांनी तिसऱ्याच दिवशी सांगलीला वकील गाठला. फिर्याद दाखल झाली आणि पुढे लोकअदालतीत १,६०,००० वर तडजोड झाली, चार हप्त्यांत. पंचवीस हजार सोडल्याचं आप्पांना वाईट वाटलं. मला नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.

एक खातं ४२,००० चं. शेतकरी वारला होता, मागे बायको आणि शाळेतल्या दोन मुली. कायद्यानं वारसांवर देणं येतं ते मिळालेल्या मालमत्तेपुरतंच, आणि इथे पाऊण एकराशिवाय काही नव्हतं. मी काही बोलायच्या आत आप्पांनी उताऱ्यावर आडवी रेघ मारली आणि त्या बाईंना खातं बंद झाल्याची सही करून प्रत पोचवली. ती प्रत महत्त्वाची. नुसतं मनात माफ केलं तर त्या घराला कधीच कळत नाही आणि रस्त्यात भेटल्यावर मान खाली जायची थांबत नाही.

मार्च २०२५ अखेर

जुन्या ३१,४०,००० पैकी २१,३०,००० वसूल झाले. ताज्या खात्यांतून १०,१०,०००, सहा ते अठरा महिन्यांतून ७,१०,०००, त्यापुढच्यातून ३,४०,०००, आणि तीन वर्षांच्या पुढच्या १९ खात्यांतून अवघे ७०,०००. चुकांची दुरुस्ती, सूट आणि सोडलेली खाती मिळून ३,६०,००० गेले. साडेसहा लाख अजून येणं आहे.

वितरकाचे ९ लाख फिटले, काकूंचे दागिने घरी आले, कॅश क्रेडिट १५ लाखांवरून १०,३०,००० वर आलं. पर्सनल लोन हप्त्याहप्त्यानं सुमारे १,८९,००० वर आहे. महिन्याचं व्याज ४६,५३५ वरून ११,२०० च्या आसपास. नवी उधारी ५,२०,००० आहे, प्रत्येक बिलावर सही आणि परतफेडीची तारीख. तिला लागलेले पैसे वाचलेल्या व्याजातून आणि कमी केलेल्या मालसाठ्यातून आले. किंमतही मोजली. वीसेक गिऱ्हाइकं शेजारच्या गावातल्या दुकानाकडे गेली, तिथं अजून बिनसहीची उधारी मिळते. विक्री थोडी घटली आहे आणि मुलाला त्याची काळजी वाटते. त्याची काळजी खोटी नाही, दोन हंगाम गेल्याशिवाय त्याचं उत्तर मिळणार नाही.

परवा आप्पा आले होते. राहिलेल्या खात्यांपैकी सहांची मुदत जूनमध्ये संपते आहे. त्यातले दोघे पुण्याला मुलांकडे राहायला गेलेत. चिठ्ठ्यांचं पुस्तक त्यांनी खिशात घातलं आणि विचारलं, सकाळची पहिली एसटी किती वाजता सुटते.